मुलाने सांगितलं. आता आम्ही कुणाशी बोलायचं? (समुपदेशन, पालकांचे गट – माहिती हवी आहे)

शेवंती_नवी | १२ नोव्हेंबर, रात्री ११:४०

ही आयडी नवीन आहे, मी नाही. पाककृतींच्या धाग्यांवर तुमच्यातल्या काहीजणींशी वर्षानुवर्षं बोललेय, पण हे त्या नावाने लिहायचं धाडस होत नाही. समजून घ्या.

मुलगा १९ वर्षांचा, पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. दिवाळीत घरी आला होता. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी मेथी निवडत बसले होते. तो समोर येऊन बसला, चार काड्या निवडल्या आणि म्हणाला, "आई, मला मुली आवडत नाहीत. म्हणजे, तशा आवडत नाहीत. मला मुलगे आवडतात." मी काही बोलले नाही. मेथी निवडत राहिले. संध्याकाळी भाजी टाकायला घेतली तेव्हा बघितलं, पानं सगळी कचऱ्याच्या कागदात आणि देठं चाळणीत.

"बाबांना इतक्यात नको सांगूस" म्हणाला होता. मला एकटीला पेलेना. तिसऱ्या रात्री ह्यांना सांगितलं. हे दोन दिवस गप्प. मग ओळखीच्या एका डॉक्टरांकडे जाऊन आले. ते म्हणे, वर्षभर गोळ्या घ्यायच्या, महिन्यातून दोनदा त्यांच्याकडे बसायचं, आणि पंचविशीच्या आत लग्न लावून टाकायचं, सगळं मार्गी लागतं. जानेवारीतली तारीखही घेऊन आलेत. मुलगा पुण्याला परत गेलाय, फोन फक्त बहिणीला करतो.

आमचं जिल्ह्याचं गाव आहे. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. मराठीत बोलणारं कुणी समुपदेशक आहे का, मुलासाठी नाही, आधी आमच्यासाठी? इंग्रजी मला वाचून कळतं, ह्यांना जड जातं. दुसरं, अशा मुलांच्या आईवडिलांचे गट असतात असं ऐकलंय. ते खरंच काही करतात की नुसतं मोर्चात झेंडे घेऊन चालतात?

---

मनकवडा | १३ नोव्हेंबर, सकाळी ७:५५

शेवंतीताई, मी पुण्यात समुपदेशक आहे, आणि मुलांपेक्षा पालकच माझ्याकडे जास्त येतात. म्हणून जरा लांबण लावतो.

आधी जानेवारीची ती तारीख. ती रद्द करा. यात बरं करण्यासारखं काही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून १७ मे १९९० रोजी काढली, म्हणजे तुमचा मुलगा जन्मण्याच्या कितीतरी आधी. भारतातल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ साली जाहीरपणे तेच सांगितलं. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर डॉक्टरांवर देखरेख ठेवणाऱ्या नॅशनल मेडिकल कमिशनने ऑगस्ट २०२२ मध्ये सगळ्या राज्यांच्या मेडिकल कौन्सिलांना पत्र लिहून कळवलं, की 'कल बदलून देतो' म्हणत केलेले उपचार हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन आहे. तुमच्या मिस्टरांना 'फोरमवरच्या कुणीतरी सांगितलं' असं सांगू नका, हे सांगा. पुरुषमाणसाला सरकारी पत्राचं वजन वाटतं, असा माझा अनुभव आहे.

त्या मद्रासच्या खटल्याची एक गोष्ट मी पालकांना नेहमी सांगतो. एकमेकींवर प्रेम करणाऱ्या मदुराईच्या दोन मुली घर सोडून चेन्नईला आल्या होत्या. आईवडिलांनी पोलिसांत तक्रार दिली, मुली संरक्षण मागायला कोर्टात गेल्या. न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी मुलींना आणि पालकांना समुपदेशकाकडे पाठवलं. मग त्यांना जाणवलं, की आपल्यालाही या विषयातलं काही ठाऊक नाही. तेव्हा ते स्वतः मानसशास्त्रज्ञांसमोर जाऊन बसले, शिकले, आणि मग जून २०२१ चा आदेश लिहिला. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला 'मला कळत नाही, समजावून सांगा' म्हणायला कमीपणा वाटला नाही.

आता पालकांबरोबर आम्ही करतो काय? पहिल्या भेटीत बहुतेक वेळा आई रडते आणि बाबा घड्याळाकडे बघतात. 'आमचं काय चुकलं' हा पहिला प्रश्न. होस्टेल, मोबाईल, लहानपणी बहिणीचे फ्रॉक घातले होते, सगळ्याची उलटतपासणी होते. ती मी होऊ देतो. मग येतं 'लोक काय म्हणतील'. तेव्हा मी कागद देतो. लोक म्हणजे कोण, नावं लिहा. एका जोडप्याची यादी सहा नावांवर संपली. त्यातल्या दोघांशी जागेच्या वाटणीवरून दहा वर्षं बोलणं बंद होतं. उरले चार. चार माणसांना काय सांगायचं, यावर बोलता येतं. 'लोकां'वर बोलता येत नाही.

समुपदेशक निवडताना फोनवरच सरळ विचारा : माझा मुलगा समलिंगी आहे, तुम्ही आमच्याबरोबर काय कराल? 'वय लहान आहे, बघू, फरक पडू शकतो' असं उत्तर आलं, की नमस्कार करून फोन ठेवा. पाटी कितीही मोठी असू दे. 'त्याच्यात काही दुरुस्त करायचं नाही, तुम्हाला काय होतंय त्यावर बोलू' म्हणाले, तर जा. मुंबईच्या मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्हने समुपदेशकांसाठी याच विषयाचा खास अभ्यासक्रम सुरू केलाय, तो केलेला आहे का तेही विचारा. तातडीने बोलायचं असेल तर सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, १४४१६. मराठीत बोलतात, फुकट आहे, चोवीस तास. प्रत्येक माणसाची या विषयाची तयारी सारखी नसते, कुणी भलतंच बोललं तर मनाला लावून घेऊ नका, परत लावा.

पुण्यातली दोन-तीन मराठी नावं व्यनि (खाजगी निरोप) केली आहेत. ऑनलाइन भेटतात.

---

रोखठोक | १३ नोव्हेंबर, सकाळी ९:१०

कुणाला राग आला तर येऊ दे. आमच्या वेळी हे असलं काही नव्हतं. होस्टेल, वेबसिरीज आणि रिकामं डोकं. दोन वर्षं मोबाईल काढून घ्या आणि शेतावर पाठवा.

---

चिंचपोकळी_लोकल | १३ नोव्हेंबर, सकाळी ९:३२

रोखठोक, तुमच्या वेळीही होतं. तुमच्या वर्गात होतं, तुमच्या चाळीत होतं. तुम्हाला कुणी सांगितलं नाही एवढंच, आणि का नाही सांगितलं ते तुमच्या प्रतिसादावरून कळतंच आहे.

शेवंतीताई, संध्याकाळी नीट लिहितो. आत्ता गाडीत उभा आहे.

---

खडूफळा | १३ नोव्हेंबर, दुपारी २:०५

मी माध्यमिक शाळेत शिकवते. ताईंचा मुलगा १९ चा आहे म्हणून निदान दारं उघडी आहेत. आमच्याकडे नववी-दहावीतली मुलं असतात, त्यांचं काय करायचं हे कुणीच सांगत नाही. बहुतेक गट अठरा पूर्ण झाल्याशिवाय घेत नाहीत, आणि त्यांना दोष देता येत नाही. मूल अल्पवयीन, पालकांना ठाऊक नाही, उद्या कुणी पोलिसांत गेलं तर? समुपदेशकाकडे पाठवायचं म्हटलं तर पालकांची संमती लागते, आणि मुलाला नेमकं तेच नको असतं. त्यात पोक्सो, मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा. मुलाने बोलता बोलता तसं काही सांगितलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, म्हणून शाळेतले समुपदेशकही हातचं राखून बोलतात.

२०२१ मध्ये एनसीईआरटीने शिक्षकांसाठी या विषयावर एक पुस्तिका काढली होती. आम्ही चार शिक्षिकांनी ती छापून घ्यायचं ठरवलं, तोवर ती संकेतस्थळावरून गायब झाली होती. मी फार काही करू शकत नाही. एवढंच करते, की वर्गात कुणी कुणाला 'बायल्या', 'छक्का' म्हटलं, की धडा थांबवते आणि त्या शब्दावर बोलते. पहिल्या वर्षी वर्ग हसला. तिसऱ्या वर्षी एक मुलगा मधल्या सुट्टीत येऊन म्हणाला, "बाई, तुम्ही थांबवता ते बरं वाटतं." बाकी काही बोलला नाही. मीही विचारलं नाही.

---

तळ्यात_मळ्यात | १३ नोव्हेंबर, दुपारी ३:४०

अवांतर, पण लिहितेच. आपल्याकडच्या शब्दांचं कुणीतरी बघा हो. मी घरी 'बायसेक्शुअल' (मुलगे आणि मुली दोन्ही आवडणारी) म्हटलं, कुणाला कळलं नाही. म्हणून मराठीत 'उभयलिंगी' म्हटलं. बाबा म्हणाले, "म्हणजे गांडुळासारखं?" त्यांची चूक नाही, सातवी-आठवीच्या विज्ञानात आपण सगळे तेच शिकलो. त्यापुढची वीस मिनिटं मी त्यांना मी गांडूळ नाही हे पटवण्यात घालवली. मूळ मुद्दा राहूनच गेला.

---

हिशेबनीस | १३ नोव्हेंबर, दुपारी ३:५८

तळ्यात_मळ्यात, ऑफिसात मोठ्याने हसलो.

आणि 'कमिंग आउट'चं ते 'कपाटातून बाहेर येणं'! आपल्या कपाटात गोधड्या आणि लग्नातली भांडी असतात, माणसाला जागा कुठे. मराठीत 'घरी सांगितलं' हेच बरं आहे. कुणालाही लगेच कळतं, काय सांगितलं ते.

---

चिंचपोकळी_लोकल | १३ नोव्हेंबर, रात्री ९:५०

आता निवांत. मी ४१ वर्षांचा आहे, गे आहे. १९ वर्षांचा असताना मलाही असंच एका डॉक्टरकडे नेलं होतं. सहा महिने. काय दिलं ते आजवर ठाऊक नाही, पण दिवसभर झोप यायची, गाल सुजले आणि दोन विषयांत केटी लागली. आवड होती तिथेच राहिली. आईला वाटत होतं ती मला वाचवतेय. मी तिच्यावर बरीच वर्षं राग धरला, आता नाही. तिला सांगणारं तरी कोण होतं?

तेव्हा ३७७ होतं, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम. २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने ते सैल केलं, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा आवळलं, शेवटी ६ सप्टेंबर २०१८ ला सुटलं. मुंबईत हमसफर ट्रस्ट ही आमच्यासारख्यांसाठीची संस्था होती, अशोक राव कवी वगैरे मंडळींनी १९९४ मध्ये सुरू केलेली. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली समपथिक ट्रस्ट काढली. मराठीतून या विषयावर सलग लिहिणारा-बोलणारा त्यांच्यासारखा माणूस तेव्हा दुसरा नव्हता. मी वाकोल्याला हमसफरच्या बैठकीला पहिल्यांदा गेलो तेव्हा इमारतीला दोन फेऱ्या मारल्या, समोर वडापाव खाल्ला आणि घरी गेलो. दुसऱ्या शुक्रवारीही तेच. तिसऱ्या वेळी वडापाव खाताना शेजारचा म्हणाला, "वर जायचंय ना? मीपण दोन आठवडे नुसते वडापावच खाल्ले." तो आजही माझा जवळचा मित्र आहे.

पुढे एका गटाच्या हेल्पलाइनवर मी काही वर्षं फोन घेतले. फोन यायचा आणि समोरून नुसता श्वास. मागे कुकरची शिट्टी, टीव्हीवर मालिकेचं शीर्षकगीत. मग, "माझा एक मित्र आहे, त्याला असं होतं." मित्र आहे तर मित्र. आम्ही मित्राबद्दलच बोलायचो. कधी तीन-तीन फोन मित्रावरच जायचे. चौथ्या वेळी "तो मित्र म्हणजे मीच" आलं की ठीक, नाही आलं तरी ठीक.

ज्याच्यावर तेच गुदरलंय असा माणूस समोर असला, की सल्ला द्यावाच लागत नाही, निम्मं काम तिथेच होतं. पण त्याची मर्यादाही सांगतो, कारण उत्साही मंडळींना हे पटत नाही. फोन घेण्याआधी आम्हाला शिकवलं होतं : स्वतःचा नंबर द्यायचा नाही, एकट्याने भेटायला जायचं नाही, 'घरी सांगून टाक' कधीही म्हणायचं नाही, कारण मार आपल्याला नाही, त्याला पडणार आहे. आणि जिवाचं काही बोलला, तर तिथे मित्र बनून बसायचं नाही, डॉक्टरशी जोडून द्यायचं. एका मुलाच्या बाबतीत मला वाटलं मी सांभाळीन. नाही सांभाळता आलं. तो वाचला, पण माझ्यामुळे नाही.

ताई, तुमच्या मुलाला पुण्यात त्याच्या वयाची मंडळी मिळतील, कदाचित मिळालीही असतील. मुंबईत हमसफरचा 'यारियाँ' हा खास तरुणांचा गट आहे. त्याची काळजी त्या मानाने कमी करा. फक्त एक गोष्ट टोचेल : त्याने नको म्हटलं असताना तुम्ही ह्यांना सांगितलंत. पेललं नाही हे कळतं. पण त्याला तसं कळवा, आणि माफी मागा.

---

सूनबाई_कोल्हापूर | १४ नोव्हेंबर, सकाळी १०:२०

डॉक्टरांचं सगळंच चूक कशाला म्हणायचं? लग्न झालं की जबाबदारी येते, माणूस रुळतो. आमच्या नात्यात एक आहेत, आज दोन मुलं आहेत.

---

पानगळ | १४ नोव्हेंबर, दुपारी १२:४५

सूनबाई, मी त्या रुळलेल्या माणसाची बायको होते. तीन वर्षं.

तो वाईट नव्हता. माझ्या वडिलांच्या बायपासच्या वेळी रात्र-रात्र हॉस्पिटलात बसला. मला वाटायचं माझ्यातच काही कमी आहे. वजन कमी केलं, केस कापले, दोन डॉक्टर झाले, एका बुवाकडेही गेले. त्याने सांगितलं तेव्हा तो माझ्यापेक्षा जास्त रडला. मग कळलं, त्याच्या आईला आधीपासून माहीत होतं. 'लग्नानंतर ठीक होईल' असं तिलाही कुणीतरी सांगितलं होतं.

तुमच्या नात्यातल्या त्या बाईंना विचारलंय का कधी, त्या कशा आहेत?

शेवंतीताई, तुमच्या घरी एक मुलगी आहे म्हणालात. तिच्यासाठी असा मुलगा चालेल का, एवढंच ह्यांना विचारा.

---

संपादक मंडळ | १४ नोव्हेंबर, दुपारी ४:००

दोन प्रतिसाद उडवले आहेत. धागाकर्तीच्या मूळ आयडीबद्दल तर्क करणाऱ्यांची आयडी गोठवली जाईल, पुन्हा सूचना मिळणार नाही.

---

वऱ्हाडी_ठेचा | १५ नोव्हेंबर, सकाळी ६:१५

मी अमरावतीकडचा. शेती हाय अन् कृषी केंद्राचं दुकान हाय. लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या.

आमचा पोरगा पोरगी म्हणून जन्मले आला. बारावीपर्यंत मले समजलंच नाही. माय म्हणे, केस का कापते ही, मी म्हणो, गरमी हाय. मग एक दिवस त्यानं चिठ्ठी लिहून गल्ल्यात ठेवली, मी हिशेब कराले बसलो तं नोटांच्या खाली सापडली. मी रागानं दुकान बंद केलं अन् वावरात जाऊन बसलो.

तुमच्या पोराचं अन् आमच्या पोराचं एक नाही, हे मले बऱ्याच दिवसानं समजलं. तुमच्या पोराले कोण आवडते त्याची गोष्ट हाय, आमच्या पोराची गोष्ट तो कोण हाय याची. आमच्याकडे नाव, कागद, डॉक्टर, सगळंच आलं. ट्रान्सजेंडर लोकायच्या २०१९ च्या कायद्याचं प्रमाणपत्र जिल्हाधिकारी देते, अर्ज त्यानंच कॉम्प्युटरवर भरला, मी फक्त सोबत गेलो.

नागपूरले अशा लोकायसाठी काम करणारी सारथी ट्रस्ट हाय, तिथून एका बापाचा नंबर भेटला. एसटीनं तीन तास. तो बाप बँकेतला, मी शेतकरी, काय बोलावं? त्यानं चहा मांगवला अन् म्हणे, "जुनं नाव तोंडात येते ना अजून?" मी म्हटलं येते. तो म्हणे, "मले दोन वर्षं लागले." तेवढ्यानं माझ्या छातीवरचं वझं उतरलं. बाजारातून आणलेल्या बैलाचं नाव मी चार दिवसांत शिकतो, अन् पोराचं शिकाले दोन वर्षं लागले. लाज वाटते, पण खरं हाय.

बाईमाणूस समुपदेशक चांगल्या होत्या, पण त्यायच्या समोर मी बोललो नाही. त्या बापासमोर बोललो. ह्यांच्यासाठी बाप शोधा ताई.

---

सातासमुद्रापार | १५ नोव्हेंबर, रात्री १०:३०

वऱ्हाडी_ठेचा यांचं शेवटचं वाक्य मी ह्यांना वाचून दाखवलं.

आम्ही न्यू जर्सीत असतो. मुलीने कॉलेजातून सांगितलं तेव्हा पीफ्लॅग नावाच्या पालकसंघटनेकडे गेलो. तिची सुरुवात मला फार आवडते. न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये जीन मॅनफर्ड नावाच्या शाळेतल्या बाई होत्या. १९७२ मध्ये त्यांच्या मुलाला मारहाण झाली, पोलिसांनी बघत राहण्याचं काम केलं. जूनमध्ये बाई हातात पाटी घेऊन मोर्चात त्याच्याबरोबर चालल्या. पाटीवर लिहिलेलं, की पालकांनो, आपल्या मुलांसाठी एक व्हा. रस्त्यावरची मुलं धावत येऊन त्यांना म्हणायला लागली, 'माझ्या आईशी बोलाल का?' म्हणून मार्च १९७३ मध्ये मॅनहॅटनच्या एका चर्चमध्ये पालकांची पहिली बैठक घेतली. वीसेक माणसं आली. तेव्हा शेवंतीताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर : झेंडे घेऊन चालतात, आणि बैठका त्यातूनच निघतात.

पण खरं सांगते, तिथे माणसं प्रेमळ असूनही मी अर्धीच बोलायचे. माझं दुःख काय होतं? आजीने नातीच्या लग्नासाठी ठेवलेली मोत्यांची नथ. कन्यादान. माहेरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर रविवारी येणारी स्थळं. हे त्या चर्चच्या हॉलमध्ये कुणाला समजावणार? मग देसी रेनबो पॅरेंट्स हा भारतीय पालकांचा गट सापडला. एका गुजराती बाईंनी नथीचं ऐकलं आणि त्यांच्या कपाटातल्या पानेतराची, म्हणजे नवरीच्या साडीची, गोष्ट सांगितली. दोघी रडलो, मग हसलो.

भारतात 'स्वीकार – द रेनबो पॅरेंट्स' हा गट आहे, २०१७ पासून. सर्वोच्च न्यायालयात समलिंगी लग्नाच्या हक्काचा खटला चालू होता तेव्हा, २०२३ मध्ये, त्यातल्या चारशेहून जास्त पालकांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं होतं. ऑक्टोबरमध्ये निकाल विरुद्ध गेला तो भाग वेगळा. आईवडिलांशी फोनवर, ऑनलाइन बोलतात. त्यांना लिहा, आणि मराठी बोलणारे बाबा हवेत असं स्पष्ट लिहा.

---

मनकवडा | १६ नोव्हेंबर, सकाळी ८:२०

वऱ्हाडी_ठेचा, तुम्ही माझा धंदा बसवणार, पण बरोबर बोललात. मी आता दुसऱ्या-तिसऱ्या भेटीनंतर पालकांना दुसऱ्या पालकांचा नंबर देतो, अर्थात दोन्हीकडे विचारून. माझं काम वेगळं आहे. घरात मारहाण होत असेल, नवरा-बायकोचंच फाटलं असेल, कुणाला झोप लागत नसेल, मूल जिवाचं बोलत असेल, तिथे मी लागतो. 'हे जगात फक्त आमच्याच घरात झालंय' हे औषध माझ्याकडे नाही.

रोखठोक यांनी व्यनित विचारलंय, पालकांनी मान्य नाही केलं तर असा काय फरक पडतो. इथेच उत्तर देतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका संशोधनात, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या, ज्यांना घरच्यांनी खूप झिडकारलं होतं त्या तरुणांमध्ये आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं प्रमाण, फारसं न झिडकारलेल्यांच्या ८.४ पट निघालं. आकडा अमेरिकेतला आहे. माझ्या खोलीत बसून मला तो परका वाटत नाही.

---

रोखठोक | १६ नोव्हेंबर, सकाळी ९:०५

व्यनि व्यनित ठेवायचा असतो. बाकी माझं मत तेच आहे. आकडा वाचला.

---

शेवंती_नवी | २६ नोव्हेंबर, दुपारी ३:१०

सगळ्यांना एकेक उत्तर द्यायचं होतं, जमलं नाही. वाचलं मात्र प्रत्येक अक्षर, काही तीन-तीनदा.

मुलाची माफी मागितली. फोनवर. चिंचपोकळी, तुमचं टोचलंच, पण बरोबर होतं. तो म्हणाला, "मला ठाऊकच होतं. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही." आणि हसला. दिवाळीनंतर पहिल्यांदा त्याचं हसू ऐकलं.

मनकवडांनी दिलेल्या बाईंशी दोनदा बोलले, एकटीच. त्यांनीही कागद घ्यायला लावला. माझी नऊ नावं निघाली. पहिलं नाव थोरल्या जाऊबाईंचं, हे लिहून झाल्यावर मलाच हसू आलं. हे बसले नाहीत. मेडिकल कमिशनच्या पत्राचं सांगितलं, तर म्हणाले, "दाखव." शोधून दाखवलं. चष्मा लावून वाचलं आणि काही न बोलता उठून गेले. तारीख रद्द केलेली नाही.

---

शेवंती_नवी | १४ डिसेंबर, रात्री १०:५५

पालकांच्या ऑनलाइन भेटीला बसले होते. लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर, हे बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर. माझं नाव मी खोटंच सांगितलं, त्यावर कुणी काही विचारलं नाही. अकरा जण होते. चारजण मराठी. साताऱ्याकडचे एक निवृत्त काका म्हणाले, "मी मुलाशी दीड वर्ष फक्त गॅस सिलिंडर आणि लाइटबिल एवढ्याच विषयांवर बोललो. तेवढंच बोलता येत होतं. पण रोज बोललो."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की टीव्हीचा आवाज बंद आहे. बराच वेळ बंद असणार.

हे आत आले नाहीत. मी लॅपटॉप मिटल्यावर दारात येऊन विचारलं, "ते सिलिंडरवाले कुठले म्हणाले?"

---

वऱ्हाडी_ठेचा | १५ डिसेंबर, सकाळी ६:०५

भेटला बाप.

---

शेवंती_नवी | १९ जानेवारी, दुपारी १:३०

फार जणांचे व्यनि आले म्हणून इथेच लिहिते. सगळं छान झालंय असं नाही. हे त्या विषयावर मुलाशी अजून एक शब्द बोललेले नाहीत. माझ्याशीही 'ते' असंच म्हणतात. जाऊबाईंना काही सांगितलेलं नाही, आणि इतक्यात सांगणारही नाही. मुलानेच नको म्हटलंय, आणि या वेळी तीळ भिजवणार आहे.

डॉक्टरांची तारीख ९ तारखेची होती. त्या दिवशी ह्यांनी रजा टाकली. माझ्या पोटात गोळा. सकाळी म्हणाले, पुण्याला काम आहे, डिंकाचे लाडू दे डब्यात. सहाच्या एसटीने गेले, रात्री दहाला आले. काय झालं विचारलं तर म्हणाले, मेसचं जेवण बरं आहे. डबा रिकामा होता.

मुलाचा मेसेज आला होता : "बाबा आले होते. गाडीच्या पीयूसीवर तासभर बोललो. ठीक आहे."

---

सातासमुद्रापार | १९ जानेवारी, सायंकाळी ७:२०

सिलिंडरनंतर पीयूसी. 😊

---

निनावी_लातूर | ३ मार्च, रात्री १२:१५

धागा वर काढतेय, माफ करा. आज पूर्ण वाचला. माझी मुलगी आहे, २१ ची. घरात फक्त मला माहीत आहे. चार महिने झाले. शेवंतीताई, तुम्ही अजून येता का इथे? तुम्हाला व्यनि केला तर चालेल का?

---

शेवंती_नवी | ३ मार्च, सकाळी ६:४०

येते. करा. फोनवर बोलायचं असेल तर दुपारी दोन ते चार, तेव्हा घरात मी एकटी असते. आणि मुलीला आधी विचारा, माझ्याशी बोललेलं तिला चालेल का.